दिसतं पण सापडत नाही: एक ओसीटी रिपोर्ट, एक बरोबर शंका आणि तिचं चुकीचं कारण

मुलीच्या मोबाईलवर आईच्या डोळ्याच्या स्कॅनचा फोटो होता. त्यातला एक लाल तुकडा दोन बोटांनी मोठा करून तिनं माझ्यापुढे धरला आणि थेट विचारलं, "डॉक्टर, हे पातळ झालंय म्हणजे अल्झायमर ना?"

आई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. मी डोळ्यांची डॉक्टर, मेंदूची नाही, त्यामुळे असा प्रश्न आला की आधी पोटात गोळाच येतो. पण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न वारंवार यायला लागलाय, कारण "डोळ्याचा फोटो काढा आणि डिमेन्शिया आधीच ओळखा" असल्या बातम्या दर दोन महिन्यांनी कुठून तरी फिरत येतात. ही केस सविस्तर लिहितेय कारण त्या मुलीची शंका शेवटी खरी निघाली, पण तिनं ज्या लाल तुकड्यावर बोट ठेवलं होतं त्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता, आणि मी तो लाल तुकडा बरोबर समजावून सांगूनसुद्धा त्यांना जवळजवळ चुकीचं सांगून घरी पाठवलं होतं. ओळख पटू नये म्हणून वय वगैरे तपशील थोडे इकडेतिकडे केलेत, वैद्यकीय भाग तसाच आहे.

आधी काय काय झालं होतं

काकू 61 वर्षांच्या. तीस वर्षं अकाउंट्सचं काम केलेलं, आकड्यात पक्क्या. दीड वर्षापासून तक्रार एकच, नीट दिसत नाही. दीड वर्षात चार चष्मे झाले. उजव्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू होता तो काढून झाला, ऑपरेशन छान झालं होतं, लेन्स अगदी जागच्या जागी, पण काकूंना फरक शून्य. मग एका ठिकाणी ओसीटी स्कॅन झाला, त्यात नर्व्हचा थर पातळ आला म्हणून काचबिंदूची शंका लिहिली आणि रात्री टाकायचे ड्रॉप्स सुरू झाले. फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका किती ते मोजणारी तपासणी, पण केली होती, तिच्यावर पेनानं लिहिलेलं, "पेशंट को-ऑपरेट करत नाही, टेस्ट भरवशाची नाही". त्यानंतर आणखी एकांनी सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेता म्हणून होतंय असं सांगून झोपेची हलकी गोळी दिली. कुणी निष्काळजीपणा केला असं मला फाइल वाचताना वाटलं नाही, प्रत्येकानं आपापल्या समोरचा तुकडा नीट पाहिला होता, फक्त ते तुकडे शेजारी शेजारी कुणी ठेवले नाहीत.

काकूंना विचारलं नक्की काय होतं, तर त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही असं नाही हो, दिसतं, पण सापडत नाही." हे वाक्य मी तेव्हा केसपेपरवर लिहून घेतलं आणि पुढे गेले. आता वाटतं तिथंच थांबायला हवं होतं. अख्खं डायग्नोसिस त्या दोन शब्दांच्या फटीत होतं. पुढे म्हणाल्या की पेपर वाचताना ओळ संपली की पुढची ओळ हाताला लागत नाही, हिशेबाच्या वहीतले आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकतात, जिना उतरताना पायरी कुठे संपते कळत नाही, आणि डाव्या बाजूच्या दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. मुलगी मधेच म्हणाली की आई हल्ली गाडी पार्क करताना दोनदा भिंतीला घासून आली. विसरभोळेपणा? तर तो नाही. कोणाचे वाढदिवस, कोणाचे फोन नंबर, सगळं तोंडपाठ.

तो लाल तुकडा

ओसीटी काय असतं ते थोडक्यात सांगते. डोळ्यात लेझर-बिझर काही मारत नाहीत, डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशाचा झोत डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, टाकतात आणि तो कुठल्या थरातून किती परत येतो त्यावरून पडद्याचा उभा छेद काढतात, जसा सोनोग्राफीत आवाजानं काढतात तसा इथे प्रकाशानं. तंत्र 1991 साली आलं आणि आज डोळ्याच्या दवाखान्यातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या मशीनांपैकी एक झालंय. साधारण 5 मायक्रॉनपर्यंत बारकावा दिसतो, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली. त्यातला एक थर म्हणजे आरएनएफएल, पडद्यातल्या पेशींच्या तारा जिथून गोळा होऊन ऑप्टिक नर्व्हमध्ये शिरतात तो. निरोगी मोठ्या माणसात त्याची सरासरी जाडी 90 ते 100 मायक्रॉनच्या आसपास असते, वयाबरोबर हळूहळू थोडी कमी होत जाते. काकूंची आली होती 78.

आता लाल रंग म्हणजे काय, तर मशीनच्या पोटात निरोगी माणसांचा एक डेटाबेस असतो, तुमच्या वयाच्या लोकांपैकी तुम्ही सगळ्यात पातळ 1 टक्क्यात बसलात तर लाल, 1 ते 5 टक्क्यांत बसलात तर पिवळा, बाकी हिरवा. म्हणजे व्याख्येनंच शंभर ठणठणीत माणसांपैकी पाच जणांचा एखादा आकडा लाल किंवा पिवळा येणारच, आणि रिपोर्टवर एक नाही डझनभर आकडे असतात, त्यामुळे कुठे ना कुठे रंग दिसणं ही फार मोठी गोष्ट नाही. पेशंटला मात्र लाल म्हणजे सिग्नल तोडला असं वाटतं.

त्यात काकूंचा नंबर मायनस पाच. मायनस नंबरवाल्यांचा डोळा लांब असतो, काकूंचा 26 मिलिमीटरच्या जवळपास भरला, सरासरी डोळा 23-24 चा. लांब डोळ्यात पडदा ताणला जातो, नर्व्ह तिरकी शिरते, तारांचे जाड पट्टे कानाच्या बाजूला सरकतात, आणि शिवाय मशीन जो गोल आखून मोजतं तो प्रत्यक्षात थोडा मोठा पडतो, म्हणजे नर्व्हपासून जरा लांब, जिथे थर आधीच पातळ असतो. आमच्यात याला गमतीनं "रेड डिसीज" म्हणतात, म्हणजे आजार डोळ्यात नाही, रिपोर्टच्या रंगात आहे. काकूंच्या फाइलमध्ये चौदा महिन्यांपूर्वीचा स्कॅन होता, त्यात 79. चौदा महिन्यांत 79 चे 78, एवढा फरक तर एकाच दुपारी दोनदा स्कॅन केला तरी येतो.

मुलीला ही कल्पना आली कुठून

तिनं काही वेडगळ वाचलं नव्हतं हे आधी सांगते. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूच्याच भागातून फुटून बाहेर येतो, तो मेंदूचाच तुकडा आहे, फक्त कवटीबाहेर आणि पारदर्शक खिडकीमागे ठेवलेला. त्यामुळे मेंदूत पेशी मरत असतील तर इथेही काहीतरी दिसेल ही कल्पना साधी आणि सुंदर आहे. 1986 सालीच अल्झायमरनं गेलेल्या लोकांच्या ऑप्टिक नर्व्हमध्ये तारांची झीज दिसल्याचं छापून आलं होतं. नंतर ओसीटी आलं आणि जिवंत माणसात मोजता यायला लागलं. 2018 मध्ये यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-प्रकल्पातल्या 32,038 लोकांचा अभ्यास आला, त्यात आरएनएफएल पातळ असलेल्यांची बौद्धिक चाचण्यांतली कामगिरी कमी होती, आणि ज्यांची परत तपासणी झाली त्यांच्यात सगळ्यात पातळ गटाला तीन वर्षांनी घसरण दिसण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम स्टडीतही पातळ थर आणि पुढे होणारा डिमेन्शिया यांचा संबंध दिसला. म्हणजे धागा आहे, काल्पनिक नाही.

पण यात एक मोठी मेख आहे आणि ती बातमीत कधीच येत नाही. हे सगळे गटांचे आकडे आहेत. अल्झायमरच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा काही मायक्रॉननं कमी येते, आणि निरोगी माणसांमध्येच आपापसात दहा-दहा मायक्रॉनचा फरक सहज असतो. म्हणजे दोन ढीग एकमेकांवर इतके चढलेले आहेत की मधल्या एखाद्या माणसाला उचलून तो कुठल्या ढिगातला हे सांगताच येत नाही. एखाद्या शाळेतल्या मुलांची सरासरी उंची दुसऱ्या शाळेपेक्षा एक इंच जास्त असेल, पण रस्त्यात भेटलेल्या एका मुलाची उंची मोजून तो कुठल्या शाळेतला हे कोण सांगणार?

आणि थर पातळ व्हायला कारणं किती. काचबिंदू, लांब डोळा, नर्व्हला कधीतरी आलेली सूज, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, जास्त दिवसांचा डायबिटीस. बी-ट्वेल्व्हची कमतरता तर गंमतच आहे, ती नर्व्ह पण पातळ करते आणि विसरभोळेपणा पण देते, म्हणजे नुसता स्कॅन आणि लक्षणं जुळवत बसलात तर साध्या इंजेक्शननं सुधारू शकणाऱ्या माणसाला अल्झायमरचं लेबल लागेल.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. अगदी कागदावर चित्र काढून, दोन डोंगर एकमेकांवर चढलेले वगैरे. वीस मिनिटं लागली. मला स्वतःचं कौतुक पण वाटलं असेल थोडं. मग म्हटलं, हे पातळ दिसतंय ते मायनस नंबरमुळे, काचबिंदूही वाटत नाहीये, या स्कॅनवरून डिमेन्शिया वगैरे काही म्हणता येत नाही, काळजी करू नका.

यातलं पहिलं सगळं बरोबर होतं. शेवटचे तीन शब्द चुकीचे होते. स्कॅनवरून आजार आहे असं म्हणता येत नाही, तर त्याच स्कॅनवरून आजार नाही असं तरी कसं म्हणता येईल? मी ती उडी मारली आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

पेन

त्या उठल्या. रिसेप्शनवरचा एक फॉर्म सही करायचा राहिला होता तो मी टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्या शेजारी, डाव्या हाताला. काकूंनी फॉर्मकडे बघितलं, "पेन?" असं विचारलं. मी म्हटलं इथेच आहे की. त्यांनी हात पुढे केला तो पेनच्या चार बोटं पलीकडे टेबलावर टेकला, मग चाचपडत चाचपडत पेनवर आला. आंधळ्या माणसासारखा. आणि ही बाई दहा मिनिटांपूर्वी माझ्या चार्टवरची 6/6 ची अक्षरं वाचून बसली होती.

परत बसवलं.

इथून पुढे जे केलं त्यात एकही महागडं मशीन नाही. आधी चार्ट परत. पहिल्या वेळी माझ्या असिस्टंटनं सवयीनं एकेक अक्षर दाखवलं होतं, तसं दाखवलं की काकू शेवटच्या ओळीपर्यंत जातात. पूर्ण ओळ उघडी ठेवली की दोन अक्षरं वाचून तिसऱ्याला गडबड, मधलं गाळून पुढचं, मग परत पहिलं. मग मुद्दाम सगळ्यात वरचं, सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं, तर ते त्यांना ओळखू येईना! लहान अक्षर वाचता येतंय आणि मोठं नाही, हे डोळ्याच्या आजारात सहसा होत नाही. ऑप्टिक्सच्या हिशेबानं उलटं आहे. मेंदू एका वेळी जेवढा छोटा तुकडा पकडू शकतो त्यात लहान अक्षर मावतं, मोठ्याचे नुसते अवयव दिसतात, अक्षर जुळत नाही.

रंगांचे ठिपक्यांचे बोर्ड दाखवले, ज्यात ठिपक्यांमधून आकडा दिसतो, एकही आकडा नाही. रंगांधळेपणा? पण लाल पेन्सिल, हिरवी पेन्सिल, निळी, सगळे रंग बरोबर सांगितले. म्हणजे ठिपके दिसतात, रंग कळतात, ठिपक्यांचा मिळून आकडा होत नाही. एका चित्रात तीन वस्तू एकावर एक काढलेल्या असतात ते दाखवलं, एकच सांगितली. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. काकू स्वतःच हसल्या, "काय ग बाई हे," आणि मग हसू थांबलं. मुलगी काहीच बोलली नाही.

मग ती जुनी फील्ड टेस्ट काढली, को-ऑपरेट करत नाही लिहिलेली. दोन्ही डोळ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. भरवशाची नाही हे खरं, नजर मधेमधे हलत होती, पण दोन्ही डोळ्यांत काळा भाग एकाच बाजूला होता, डाव्या खालच्या कोपऱ्यात, आणि तो मधल्या उभ्या रेषेपाशी येऊन थांबत होता. काचबिंदूत नुकसान आडव्या रेषेला मानतं, कारण पडद्यातल्या तारा तशा पसरलेल्या असतात. उभी रेषा म्हणजे डोळ्याच्या मागे, दोन्ही डोळ्यांच्या तारा एकत्र येऊन वाटल्या जातात त्याच्याही पुढे, मेंदूत. आडवी की उभी हे पहिल्या वर्षाला शिकवतात. आम्ही सगळ्यांनी मिळून चौदा महिने तो कागद फाइलमध्ये ठेवला होता.

दोन वेगवेगळे डोळे को-ऑपरेट न करण्याचं नाटक इतकं सारखं करू शकत नाहीत, हा एक साधा विचार.

पुढे

न्यूरॉलॉजिस्टला लांबलचक पत्र लिहिलं, ओसीटीचा आकडा शेवटच्या ओळीत. तिकडे रक्ततपासण्या झाल्या, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह ठीक. मोका नावाच्या बौद्धिक चाचणीत 30 पैकी 21, साधारण 26 च्या खाली आलं की लक्ष द्यायचं, पण 21 पेक्षा मार्क गेले कुठे ते महत्त्वाचं. ठोकळ्याचं चित्र, घड्याळ, ठिपके जोडणं, वजाबाकी यात गेले. पाच शब्द थोड्या वेळानं आठवून सांगायचे त्यातले चार आले. म्हणजे नुसता विसरभोळेपणा शोधत बसलं असतं तर काकू पास झाल्या असत्या. एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा आणि वरचा मागचा भाग आटलेला, उजवीकडे जास्त, आणि आठवणींशी जोडलेला हिप्पोकॅम्पस बऱ्यापैकी शाबूत. पेट स्कॅनमध्ये त्याच भागात साखरेचा वापर कमी. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत अल्झायमरशी जोडलेली दोन प्रथिनं बघतात, त्यात अमायलॉइड-बीटा 42 कमी, फॉस्फो-टाऊ जास्त, म्हणजे मुळाशी अल्झायमरचाच आजार.

नाव, पोस्टिरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी, पीसीए. 1988 मध्ये फ्रँक बेन्सन यांनी हे नाव दिलं म्हणून बेन्सन सिंड्रोम पण म्हणतात. बहुतेक वेळा मुळाशी अल्झायमरच असतो, पण तो आठवणींच्या दारानं न शिरता नजरेच्या दारानं शिरतो, आणि बऱ्याचदा पन्नाशी-साठीत, म्हणजे जेव्हा डिमेन्शिया कुणाच्या डोक्यातही येत नाही. प्रसिद्ध इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांना हाच होता, त्यांनी 2007 मध्ये स्वतः जाहीर केलं होतं. आणि हे लोक सगळ्यात आधी कुठे जातात? चष्म्याच्या दुकानात आणि आमच्याकडे. चार चष्मे, एक मोतीबिंदू, एक काचबिंदूची शंका, ही पीसीएची जवळजवळ ठरलेली कहाणी आहे, काकू काही वेगळ्या नव्हत्या.

मग डोळ्याच्या स्कॅनचा उपयोग झाला का

झाला, पण बातम्यांत सांगतात त्याच्या उलट्या बाजूनं. ओसीटीनं मला खात्री दिली की मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला बारीक काम करणारा भाग, छान आहे, पाणी नाही, छिद्र नाही, चौदा महिन्यांत नर्व्ह बदललेली नाही. डोळा इतका चांगला असताना माणसाला इतकं कमी सापडतंय, तर अडचण डोळ्याच्या मागे, मेंदूत आहे. त्या तफावतीनं दिशा दाखवली. लाल तुकड्यानं नाही. ड्रॉप्स बंद केले, दर काही महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर बघायचं ठरलं, आजपर्यंत ठीक आहे.

डायग्नोसिस कळल्यावर मी एक गोष्ट केली जी खरंतर चीटिंग आहे. रात्री बसून काकूंचे गँग्लिऑन पेशींच्या, म्हणजे ज्यांच्या तारा नर्व्हमध्ये जातात त्या पेशींच्या, थराचे नकाशे परत उघडले. कारण मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली की काही काळानं तारेवरून उलटं झिजत झिजत पडद्यातल्या पेशीही पातळ होतात हे माहिती आहे, आणि काकूंचं नुकसान डाव्या नजरेचं म्हणजे दोन्ही पडद्यांचा उजवा अर्धा भाग पातळ दिसायला हवा. आणि दिसला! वाटलं तरी तसं. दोन्ही डोळ्यांत उजवीकडे वर किंचित फिकट पट्टा. पण सकाळी माझ्या सहकाऱ्याला नाव-निदान न सांगता तोच नकाशा दाखवला, तर तो म्हणाला, मायोपिक (मायनस नंबरवाला) डोळा आहे, यात मी काही म्हणणार नाही. तो बरोबर होता. उत्तर माहिती असलं की ढगातही चेहरा दिसतो. हे मी केसपेपरवर लिहिलेलं नाही, इथे लिहितेय कारण या क्षेत्रातल्या बऱ्याच उत्साहाचं मूळ मला इथेच दिसतं.

मुलीनं दुसऱ्या व्हिजिटला विचारलं की मग सगळ्यांचे स्कॅन करून ठेवायला काय हरकत आहे, दुखत तर नाही. तिला पाठीवर पेनानं गणित करून दाखवलं, म्हणजे केसपेपरच्या पाठीवर. समजा एक टेस्ट आहे, शंभर आजाऱ्यांतले 80 बरोबर पकडते आणि शंभर निरोगींतल्या 80 ना बरोबर सोडते, जी ओसीटीच्या मानानं उदार कल्पना आहे. समजा हजार लोकांत 20 जणांना आजार आहे. तर 20 पैकी 16 सापडतील आणि उरलेल्या 980 पैकी 196 ना उगाच लाल रंग मिळेल. लाल मिळालेल्या 212 मध्ये खरे 16. बाकीच्यांनी पुढची वर्षं कशी काढायची? आणि हिरव्या रंगात निघून गेलेले 4 आहेतच, काकू बहुधा त्यांच्यातल्या झाल्या असत्या जर त्यांचा नंबर मायनस पाच नसता.

बाकी जे चाललंय ते थोडक्यात. पडद्यावर अमायलॉइडचे ठिपके दिसतात का, यावर 2011 मध्ये एका गटानं हळदीतलं कर्क्युमिन वापरून ते चमकवून दाखवले, 2014 मध्ये दुसऱ्या गटानं मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांत शोधले तर त्यांना सापडले नाहीत, वाद अजून आहे. ओसीटी-अँजिओग्राफीत डाय न देता केशवाहिन्यांचं जाळं दिसतं, अल्झायमरमध्ये ते विरळ होतं का बघतायत, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांसारख्याच या वाहिन्या असल्यानं बीपी-डायबिटीसवाल्या रक्तवाहिन्यांच्या डिमेन्शियात मला याची जास्त आशा वाटते. आणि एआय. 2018 मध्ये गूगलच्या लोकांनी दाखवलं की पडद्याच्या साध्या फोटोवरून मशीन माणसाचं वय तीन-चार वर्षांच्या फरकानं सांगतं आणि बाई की पुरुष हेही सांगतं, जे मला वीस वर्षं पडदे बघून सांगता येत नाही. कमाल आहे, पण म्हणूनच डिमेन्शिया ओळखणाऱ्या मशीनबद्दल माझा पहिला प्रश्न असतो की ते आजार ओळखतंय की नुसतं वय? म्हाताऱ्या लोकांत डिमेन्शिया जास्त असतो हे सांगायला कॅमेरा लागत नाही. तोपर्यंत रक्ताची तपासणी पुढे निघून गेली, मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं फॉस्फो-टाऊ 217 आणि अमायलॉइडच्या गुणोत्तरावरची पहिली रक्तचाचणी मंजूर केली, ती पण लक्षणं असलेल्या 55 च्या पुढच्या लोकांसाठी, सरसकट सगळ्यांसाठी नाही.

डोळ्याच्या डॉक्टरच्या हातात खरंतर एक कंटाळवाणी गोष्ट जास्त भक्कम आहे, नजर सुधारणं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या कमिशननं डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या 14 गोष्टींत उपचार न केलेली कमी नजर घातली. चष्मा आणि मोतीबिंदू. त्याची बातमी होत नाही.

वर्षानंतर

काकूंची गाडी बंद झाली, यावर घरात सगळ्यात जास्त भांडण झालं. न्यूरॉलॉजिस्टनं गोळ्या सुरू केल्या, थोडाफार फायदा. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला गडद पट्टी लावून घेतली, कपाटातली गर्दी काढली, टेबलावर एका वेळी एकच वस्तू. वाचायला मी काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडून दिली, ती पानावर सरकवत न्यायची, त्यावर त्यांनी सहा-सात महिने पेपर वाचला. मोठ्या अक्षरांची पुस्तकं मुलीनं हौसेनं आणली होती ती नाही चालली, कारण मघाशी सांगितलं तेच. आता ऐकतात.

परवा वार्षिक तपासणीला आल्या. मुलीनं आग्रह केला म्हणून ओसीटी केला. मशीनमध्ये हनुवटी टेकवायची आणि आतल्या हिरव्या खुणेकडे बघायचं एवढंच असतं, गेल्या वर्षी एका फटक्यात झालं होतं, यावेळी काकूंना ती खूणच सापडेना. "दिसतंय का काकू?" "दिसतंय." "मग त्याच्याकडे बघा." "कुठंय?" मुलीनं मागून दोन्ही हातांनी डोकं धरलं, मी आवाजानं इकडे, जरा वर, असं करत करत चौथ्यांदा कसाबसा घेतला. वर्षभरात काकू एक पान वाचणाऱ्या बाईपासून दाराची कडी चाचपडणाऱ्या बाईपर्यंत आल्या होत्या, आणि रिपोर्टवर आकडा आला 77.

मुलगी म्हणाली, फाइलला लावू? म्हटलं लाव, पण वर पेनानं लिही, सिग्नल कमजोर, दहापैकी 5, चौथा प्रयत्न, डोकं धरून घेतलेला.